नमुन्याची सळई

"मॅडम, वर्षभरात तुमच्या सेन्सरने एकही सळई नापास केली नाही!" शाल-श्रीफळ देत कारखान्याचे मॅनेजर तारळेकर म्हणाले, तेव्हा वैजयंतीला भरून आलं. भट्टीच्या धगीत सळयांची जाडी लेझरने मोजणारं ते यंत्र बनवण्यापायी तिने नोकरी सोडली होती.

ती कौतुकाने बघायला गेली. सेन्सरसमोर चांगल्या सळईचा एकच तुकडा तारेने बांधला होता. वर्षभर सेन्सर बिचारा तेवढाच मोजत होता. खऱ्या सळया मागच्या मागे ट्रकात चढत होत्या.

"दर महिन्याला फोनवर शाबासकी देत होतात! केसाने गळा कापलात, तारळेकर."

"छे हो, शाबासकी मनापासून होती."

तिने तुकडा उपटला, सेन्सर खऱ्या सळयांकडे वळवला. पहिली नापास झाली, मग दुसरी, मग सगळ्याच.

तारळेकर हळहळले. "इतका गुणी सेन्सर, मॅडम! तुम्ही हात लावलात आणि बिघडला."