आतल्या आत

कुकरच्या दांडीचा स्क्रू हातातून निसटला, फरशीवर दोनदा वाजला आणि गेला.

"कुणी हलू नका," दादा म्हणाला.

आई ओट्याकडे निघाली होती, ती तिथेच उभी राहिली. धाकटी टेबलापाशी बुटांना ब्रश मारत बसली होती. उद्या सकाळी हवाई दलाची भरती, आणि भरतीत आधी धावायला लावतात. तिनं ब्रश तसाच वर धरला.

"दादा, तुझ्या डोक्यातलाच पडला असेल बघ."

"अरे, दुसरा लाव. डबाभर पडलेत," आई म्हणाली. "माझा स्वयंपाक खोळंबलाय."

"पडलेला सापडेपर्यंत काम संपत नाही, आई."

तो गुडघ्यांवर बसला. तो हवाई दलात विमानांची देखभाल करायचा. तिकडे तळावर असा एखादा स्क्रू हरवला की विमान जागचं हलत नाही. अख्खी तुकडी जमिनीला नाक लावून फिरते. सुट्टीवर आला तरी ही खोड काही सुटत नव्हती.

धाकटीही टेबलाखाली शिरली. दोघांची डोकी आपटली.

"शहाणे, उजेड अडवू नकोस."

"दादा, उद्या ते विचारतील ना, पुढे काय व्हायचंय? पायलट म्हणून तेव्हाच सांगू, की आत गेल्यावर?"

"सांग की. हसतील."

"हसायला काय झालं? आई म्हणते, आधी साधी भरती व्हायचं, मग आतल्या आत वर चढायचं. तुझं चाललंय तसं."

कपाटाच्या पायाशी त्याचा हात थांबला.

"माझं काय चाललंय, ठमे?" तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळी मी विमानाला शिडी लावतो. पायलट चढतो. त्याच्या मागोमाग चढून त्याचे पट्टे आवळतो, काच पुसतो. मग खाली उतरतो आणि शिडी काढून घेतो."

"पण तू अधिकारी व्हायची परीक्षा दिलीस ना?"

"दिली की. पहिल्यांदा पास झालो, तर साहेबांनी सोडलं नाही. म्हणाले, तुझ्यासारखा हात परत मिळायचा नाही. मलाही तेव्हा बरं वाटलं, काय सांगू. दुसऱ्यांदा सोडलं, तर मुलाखतीत अडकलो."

"मग आता तिसऱ्यांदा."

"आता वय गेलं. गेल्याच महिन्यात."

टेबलाखालून आईची फक्त पावलं दिसत होती. ती जागची हलली नव्हती.

"तू कॉलेज कर," दादा म्हणाला. "मग थेट अधिकाऱ्यांची परीक्षा दे. उडवायचंच असेल तर उडवणाऱ्यांच्या दारानं जा. आमच्या दारातूनही तिकडे वाट जाते, नाही असं नाही. जातातही काही जण. पण वाटेत कामं फार निघतात गं."

"आणि तोवर घर?"

"घराला मी आहे. चाललंय तसं चालेल."

धाकटीला आनंद व्हायला हवा होता. ती त्याच्या नखांतलं काळं बघत राहिली. सुट्टीचा आठवडा उलटत आला, रोज साबणानं घासत होता, तरी ते तसंच होतं.

वरून आईचा आवाज आला. "मीच म्हणाले होते तुला. एकदा आत शीर, पुढचं पुढे बघू."

"बरोबरच म्हणालीस. तेव्हा घरात दुसरं होतं कोण?"

"तू नाही म्हणाला असतास तर मी काय मारणार होते?"

"हिची शाळा होती, आई."

खुर्चीचा आधार घेत आई खाली बसली. गुडघे कडकन वाजले. तिनं वाकून टेबलाखाली पाहिलं, आधी मुलाकडे, मग बराच वेळ मुलीकडे.

"उद्याचा गजर बंद कर," ती मुलीला म्हणाली. "आणि ते बूट आता कॉलेजला घाल."

मग तीही फरशीवरून तळवा फिरवू लागली, सांडलेले दाणे गोळा करावेत तशी.

"इतक्या वर्षांत तुला एकदाही कुणी वर नेलं नाही का रे?"

"नेलं ना. एक इंजिन पोचवायचं होतं लांबच्या तळावर, त्याच्या सोबत. सामानाचं विमान होतं."

"अगं बाई. आणि बोलला नाहीस कधी." आईचा हात थांबला. "कसं दिसलं वरून?"

दादानं कपाटाखाली खांद्यापर्यंत हात घातला होता. गाल फरशीला टेकला होता.

"मी बसलो तिथे खिडकी नव्हती, आई."