शिवणीतली माया

घड्याळजी वारले आणि त्यांच्या टेबलाच्या खणात नुसती पितळी चाकं उरली. त्यांच्या मुलीचा हात शिवणकामात बसलेला. वाफेच्या इंजिनांच्या काळातलं वाटावं असं तपकिरी जाकीट तिनं स्वतःसाठी बेतलं आणि छातीवर ती दातेरी चाकं टाचली.

"शिवणीत माया ठेव गं," आई म्हणाली. "मायेत हात आखडता घेऊ नये. पुढेमागे उसवून सैल करता येतं."

तिनं बोटभर जादा कापड शिवणीत दुमडून ठेवलं. जाकीट अंगाला चापून बसलं.

दुसऱ्या दिवशी घातलं, तर खांद्यात ढगळ. उलटं करून पाहिलं, तर माया निम्म्यावर आलेली. टाके मात्र तिच्याच हातचे.

तिनं ते पुन्हा आत घेतलं. सकाळी बघते तर आणखी सैल! आता डावा खांदाही उतरला होता, जन्मभर भिंगावर वाकून वडिलांचा उतरला होता, अगदी तसा. शिवणीत माया म्हणून उरली नव्हती.

जाकीट खुंटीला अडकवून तिनं चाकं उसवायला कात्री उचलली.

"जपून गं," दारातून आई हळूच म्हणाली. "लागेल त्यांना."