हरवलेल्याचं वर्णन

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला सौताड्याच्या धबधब्यावर भिवराबाई हरवल्या. नेमकं कधी, ते कुणालाच सांगता येईना. नातीला, राजनंदिनीला, कणीस घेतलं तेव्हा आई होती, असं त्यांचा मुलगा आदिनाथ म्हणाला. सून मनिषा म्हणाली, तेव्हाही नव्हत्या.

तलवाड्याहून इतक्या लांब यायला भिवराबाई मुळात तयारच नव्हत्या. "पानीच बगायचं ना? मग एवढ्या गर्दीत कावून जायाचं?" त्यांनी सकाळी विचारलं होतं. आदिनाथ हसला होता. "आई, आख्खी दुनिया तिथं जातीय. आमी काय जलमभर मेंढरंच बगायची का?" भिवराबाईंनी मग घडीचं लुगडं नेसलं आणि पिशव्या घेऊन त्या गाडीत बसल्या.

आदिनाथनं आईला फोन लावला. तो मनिषाच्याच पर्समध्ये वाजला. मग त्यानं वरचा सगळा कठडा पालथा घातला. खाली दरीतल्या रामेश्वराच्या देवळाकडं जाणाऱ्या पायऱ्यांवर मुंगीलाही शिरायला वाट नव्हती. शेवटी तिघं वाहनतळाजवळच्या पोलिसांच्या तंबूत आले.

हवालदार शांत होता. "घाबरू नका. सुट्टीच्या दिवशी लई जण चुकत्यात, सापडत्यात बी. आजचा फोटो दाखवा. लुगडं कळलं की काम सोपं."

फोटो शंभराच्या वर होते. आदिनाथ बोटानं सरकवत गेला. धबधब्यापुढं मनिषा. धबधब्यापुढं हात पसरलेली राजनंदिनी. गॉगल लावून कठड्याला रेललेला तो स्वतः. हसणारी अनोळखी माणसंसुद्धा पाठीमागं स्पष्ट आली होती. भिवराबाई नव्हत्या. एका फोटोच्या कडेला तेवढा एक हात दिसला, मनगटापर्यंतचा. त्यात पिशव्यांचे बंद होते आणि राजनंदिनीचे बूट.

"मीच म्हणले," मनिषा खाली बघत बोलली. "जरा बाजूला सरका म्हणून."

"बरं, रंग सांगा लुगड्याचा."

"हिरवा," आदिनाथ म्हणाला.

"जांभळं होतं," मनिषा म्हणाली.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "मग दिवसभर बगितलं तरी काय तुमी?"

तो रागावला नव्हता. नुसतं विचारत होता. तंबूत उभ्या असलेल्या दोघातिघांनी माना दुसरीकडं वळवल्या. आदिनाथनं फोन खिशात घातला. पाण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता, आणि ते पाणी किती धारांनी पडतं हेही आपल्याला सांगता येणार नाही, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात खाली देवळावरचा लाउडस्पीकर खरखरला.

"भाविकांनी लक्ष द्यावं. तलवाड्याचा एक माणूस हरवला आहे. नाव आदिनाथ. उंच आहे. निळा शर्ट, उजव्या बाहीचं बटन तुटलेलं. मानेवर भाजल्याचा डाग. चालताना डावा पाय जरा ओढतो. सोबत बायको आहे, अबोली ड्रेस, आणि लहान मुलगी, ती अनवाणी आहे..."

सांगणारा अडखळत होता. मागून कुणीतरी त्याला एकेक खूण पुरवत होतं.

आदिनाथनं उजवी बाही उलटून पाहिली. बटन नव्हतं. मनिषानं राजनंदिनीच्या पायांकडं पाहिलं आणि तिला उचलून घेतलं.

लाउडस्पीकरवर थोडी ओढाताण ऐकू आली. मग माइकच्या फार जवळून भिवराबाई बोलल्या.

"आन भाकरी माज्यापाशीच राहिली हाय. सकाळधरनं उपाशी हाय त्यो. कुणाला घावला तर आधी दोन घास खाऊ घाला, मग हिकडं धाडा."