उपाशी मांजर

तक्रार आली म्हणून टाउनशिपच्या कचेरीतून आलेल्या माणसानं मांजर एका हातानं उचलायला घेतलं आणि लगेच दुसरा हात लावला. "हिला उपाशी ठेवलंय म्हणतात?" असं म्हणून तो हसला.

गुरुदत्तही हसला. नीलाला नवऱ्याचं हे हसू ठाऊक होतं. ऑफिसातल्या साहेबासमोर, ट्रॅफिक पोलिसासमोर तो असाच हसायचा.

ती हसली नाही. "तक्रार काय आहे, ती पुन्हा सांगा," ती इंग्रजीत म्हणाली.

तो माणूस जरा ओशाळला. फोन शेजारच्या बाईंचा आला होता. हे भारतीय लोक मांस खात नाहीत, मांजरालाही देत नाहीत, भातावर ठेवतात. दुपारी ते भुकेनं ओरडत दाराशी येतं. शेवटी त्या बाईच रोज टूनाचा डबा फोडून त्याला घालतात.

"रोज?"

"उन्हाळ्यापासून, असं म्हणाल्या."

नीलाचे कान तापले. मागच्या हिवाळ्यात हे मांजर, ठकी, गॅरेजमागच्या बर्फात सापडली, तेव्हा तिच्या बरगड्या हाताला लागत होत्या. जन्मात अंड्याला न शिवलेली नीला तिच्यासाठी नाकाला रुमाल बांधून मांसाचे डबे फोडायला शिकली. मांजर भरलं, मग सुटलंच. वजन उतरवा, नाहीतर डायबेटिस होईल, असं जनावरांच्या डॉक्टरनं बजावलं. तेव्हापासून खाणं मापानं. पहाटे ठकी बेडरूमच्या दाराशी रडायची आणि नीला डोळे मिटून पडून राहायची. एवढं करूनही काटा हलत नव्हता. डॉक्टरनं गेल्या खेपेला तिच्याकडे पाहिलं, ते खोटं बोलणाऱ्या बाईकडे पाहावं तसं.

गुरुदत्तनं त्या माणसाला गाडीपर्यंत सोडलं, थँक यू म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं आणि आत आला.

"मिटलं एकदाचं. जाऊ दे ना, म्हाताऱ्या आहेत मिसेस हॅल्सी. चांगल्या मनानं केलं त्यांनी."

"चांगल्या मनानं कम्प्लेंट केली?"

"तसं नाही गं."

"भिंतीला भिंत आहे आपली. एकदा बेल वाजवून विचारायचं होतं. आपण माणसं आहोत, उत्तर दिलं असतं."

ठकीनं सोफ्यावर उडी घेतली. पुढचे पंजे वर पोचले, पण मागचं धूड काही उचललं गेलं नाही. ती घसरून गालिच्यावर आदळली आणि तिथंच धापा टाकत बसली.

नीलानं तिला उचलून कडेवर घेतलं. चपला न घालता, नुसत्या मोज्यांनिशी ती बाहेर पडली आणि गवत तुडवत शेजारच्या दाराशी गेली.

गुरुदत्त पायरीपर्यंत धावत आला. "नीला, कशाला वाढवतेस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आपल्याला इथं राहायचंय."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि तिनं बेल दाबली.

आत पावलं वाजली, दाराशी आली आणि थांबली. दार उघडेना.

नीलानं बेलवरचं बोट काढलं नाही.