सातवी खेळाडू

२०१८ साल. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची रग्बी फायनल होती आणि सात जणींच्या संघातली आमची सगळ्यात चपळ दुर्गा हिला न्यायला तिचा बाप कल्याण टेम्पो घेऊन शाळेच्या दारात आला. बायको आजारी पडली होती, ऊसतोडीला जोडीदार हवा होता.

“एक दिवस थांब रे.”

“टोळी थांबत न्हाई, बाई.”

तो माझाच जुना विद्यार्थी. मी वर्गातला आवाज काढला. “हात पुढं कर!”

त्याने मुकाट पुढे केला.

“मारा बाई. मी आठवीत तोडीवरनं आलो, तवा खाडे केले म्हणून मारलं हुतं, तसंच मारा. पर दुर्गा माघारी आल्यावर तिला नका मारू.”

फायनल सहा जणी खेळल्या आणि हरल्या. कल्याण दोन वर्षांनी उसाच्या फडातच वारला. मी निवृत्त झाले. दुर्गा शाळेत परत आलीच नाही.