नोंदणीची मुदत

“मॅडम, सही नको.” हेडसरांनी हजेरीपट जवळ ओढला. “विशेष शिक्षक म्हणून तुमच्या नोंदणीची मुदत काल संपली. मला तुमचा पगारही काढता येणार नाही.”

मुलांना बोलायला शिकवणाऱ्या वैजयंतीने पेनाला टोपण लावलं. नूतनीकरणाला पाच दिवसांचं प्रशिक्षण लागायचं. नेमक्या त्याच आठवड्यात सात वर्षांच्या स्वानंदीच्या तोंडून पहिला शब्द फुटला होता, ‘बाई’. तिला तशी सोडून जायला वैजयंतीचा पाय निघाला नव्हता.

वर्गात येऊन तिने आरसा, चित्रांची कार्डं पिशवीत भरली. रोज शाळा सुटताना दोघी एक वाक्य घोकायच्या, पण पोरीची गाडी ‘बाई’वरच अडायची.

वैजयंतीने पिशवी खांद्याला लावली, तशी स्वानंदी उभी राहिली. आज पहिल्यांदाच ती ते वाक्य पुरतं बोलली.

“बाई, उद्या या.”