पेढे कशाचे?

नऊ वर्षांचा असताना दिवाकरचा रक्ताचा कॅन्सर मुंबईत बरा झाला, धास्ती मात्र बरी झाली नाही. बावीस वर्षांचा घोडा झाला तरी नुसती शिंक आली की म्हणे, "आई, परत आला!" बुधवारी तर संडासात चक्क रक्त दिसलं. दोन दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

शुक्रवारी डॉक्टरांकडून परतताना त्याने किलोभर पेढे घेतले आणि सुदामा नगरच्या अख्ख्या गल्लीत वाटत सुटला.

समोरच्या द्वारकाबाईंनी विचारलं, "काय रे भिया, सगाई पक्की झाली वाटतं?"

 

"सगाई कुठली, काकी!" दिवाकर आनंदाने ओरडला. "मूळव्याध निघाली! एकदम साधी मूळव्याध!"